पहिली मॅरेथॉन झाली, आता पुढचं ध्येय कसं ठरवायचं?

मुंबई मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी ठाणे स्टेशनचा जिना कठडा धरून उलटा उतरत होतो. मांड्या सरळ उतरूच देत नव्हत्या. त्याच दुपारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोनवर तीन शर्यतींची नावनोंदणी केली. त्यातली एक ३५ किलोमीटरची, तीही महिन्याभरावर. मेडल अजून बॅगेतच होतं. त्या तिन्हींपैकी एकही शर्यत मी धावलो नाही. पाचव्या आठवड्यात डाव्या नडगीच्या हाडावर एक अशी जागा तयार झाली, की तिथे एका बोटाने दाबलं तरी कळ यायची. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर. आठ आठवडे धावणं पूर्ण बंद.

आता आमच्या ग्रुपमध्ये दर जानेवारीनंतर नवे मॅरेथॉनर विचारतात, "दादा, आता पुढे काय?" बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच तयार असतं: आणखी लांब किंवा आणखी वेगात. माझं म्हणणं असं, की पुढचं ध्येय तुमच्या पहिल्या मॅरेथॉनमध्येच लिहिलेलं असतं, विशेषतः शेवटच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये. ते वाचायला थोडा वेळ द्यावा लागतो, एवढंच. तो कसा द्यायचा, हे पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: पंधरा दिवस काहीही ठरवू नका

४२.१९५ किलोमीटर धावल्यावर स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा झालेली असते. दुखणं चार-पाच दिवसांत जातं, म्हणून माणसाला वाटतं आपण बरे झालो. आतली दुरुस्ती मात्र दोन-तीन आठवडे चालूच असते, आणि हाडं, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा, अस्थिबंध यांना त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो. धावणाऱ्यांमध्ये एक जुना हिशेब आहे: शर्यतीच्या प्रत्येक मैलामागे एक दिवस जपायचं. मॅरेथॉन २६ मैलांची, म्हणजे जवळपास चार आठवडे. हा काही काटेकोर नियम नाही, पण पहिल्यांदा धावणाऱ्याने तो पाळावा असं मला मनापासून वाटतं.

पहिला आठवडा फक्त चाला. रोज वीस-तीस मिनिटं, सपाट रस्त्यावर. पोहता येत असेल तर पोहा. दुसऱ्या आठवड्यात दोनदा किंवा तीनदा, वीस ते तीस मिनिटं, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या हळू धावा. घड्याळ घरी ठेवलंत तर उत्तम. सकाळी उठल्याउठल्या, अंथरुणातच, एक मिनिट नाडी मोजा. तुमच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा ती आठ-दहा ठोके जास्त येत असेल, तर त्या दिवशी सुट्टी.

या पंधरा दिवसांत दोन तऱ्हेचे मूड येतात आणि दोन्हींवर विश्वास ठेवायचा नाही. एक, पहिल्या दोन-तीन दिवसांतला जोश. त्यातच माझ्या तीन नोंदण्या झाल्या. दुसरा त्यानंतर येतो: एकदम रिकामं रिकामं वाटतं. चार-पाच महिने रविवारची पहाट ठरलेली होती, काय खायचं, कधी झोपायचं ते ठरलेलं होतं, आणि अचानक काहीच ठरलेलं नाही. काही जण या दिवसांत "मला नाही जमायचं पुन्हा" म्हणून बूट माळ्यावर टाकतात. ही उदासी पुष्कळांना येते आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरते. तोवर वाट पाहा. ओसरली नाही, झोप-भूक बिघडली, तर मात्र कुणाशी तरी बोला.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. स्नायूचं दुखणं पसरट असतं आणि रोज थोडं कमी होत जातं. हाडाचं दुखणं एका ठिकाणी, बोटाने दाखवता येईल असं असतं, आणि धावल्यावर वाढतं. असं काही असेल तर मसाज, स्प्रे, पट्टी यांत दिवस घालवू नका, थेट हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. स्त्रियांची पाळी तयारीच्या महिन्यांत अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायलाच हवं. शरीराला मेहनतीच्या मानाने अन्न कमी पडत असल्याचं ते लक्षण असू शकतं. थकवा महिनाभर हटत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व तपासून घ्या. फेरिटिन कमी असताना वेगाचं ध्येय ठेवणं म्हणजे रिकाम्या टाकीवर गाडी पळवणं.

दुसरी पायरी: शर्यतीचा हिशेब कागदावर मांडा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. तिसऱ्या आठवड्यात एक निवांत संध्याकाळ काढा, वही घ्या, आणि आयोजकांच्या वेबसाइटवरून किंवा घड्याळातून दर पाच किलोमीटरची वेळ उतरवून काढा. हाताने लिहा. स्क्रीनवर आकडे नुसते सरकून जातात.

उदाहरण घेऊ. समजा एकूण वेळ ५ तास १२ मिनिटं. पहिला अर्धा भाग २ तास २१ मिनिटांत, दुसरा २ तास ५१ मिनिटांत. पाच-पाच किलोमीटरचे आकडे असे: ३३, ३३, साडेतेहतीस, ३४, ३६, ३८, आणि मग एकदम ४३, ४४. म्हणजे २० किलोमीटरपर्यंत गाडी रुळावर होती, २० ते ३० मध्ये हळूहळू घसरली, आणि तिसाव्या किलोमीटरनंतर कोसळली. आता खरा प्रश्न: का कोसळली? त्या क्षणी नेमकं काय झालं ते आठवा आणि प्रत्येक आकड्यापुढे एक-दोन शब्दांत लिहा. "श्वास ठीक, पिंडरीत गोळा." "मळमळ, जेल नको वाटलं." "डोकं हलकं." "ऊन." "कंटाळा, चालावंसं वाटलं." (जेल म्हणजे धावताना खायची कर्बोदकांची छोटी पुडी.)

या नोंदींवरून बरंच कळतं.

श्वास शांत होता पण पाय दगड झाले, मांड्यांत आणि पिंडऱ्यांत गोळे आले, तर पायांची ताकद आणि लाँग रन (सरावातल्या लांब, हळू धावा) कमी पडले. मुंबईत परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो तेव्हा नेमकं हेच होतं. चढ तसा फार मोठा नाही, पण ३५ किलोमीटर पायांत साठल्यावर तो घाटासारखा वाटतो. कडेला लोक मोसंबी, मीठ, बिस्किटं हातावर ठेवतात, नाव वाचून ओरडतात, आणि तरी पाय उचलत नाहीत.

डोकं हलकं झालं, हात थरथरले, अचानक सगळं अंधुक झालं, तर बहुतेक करून इंधन संपलं. अशा लांब शर्यतीत साधारणपणे दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, मध्यम केळ्यात जवळपास तेवढीच. पाच तासांत तुम्ही दोन जेल आणि एक केळं खाल्लं असेल, तर एकूण ७० ग्रॅम झाले. पाच तासांना किमान १५० हवे होते. यात धावण्याची क्षमता कमी पडलेली नाही, खाण्याचा सराव कमी पडलाय. असा माणूस उगाच स्वतःला कमकुवत समजून कोच बदलतो.

पहिल्या दहा किलोमीटरलाच बोलता येत नव्हतं, तर सुरुवात चुकली. पहाटे पाचची गार हवा, ढोल, गर्दी, सी लिंकवर उजाडणारं आभाळ: सगळे वेगात जातात. दोन्ही अर्ध्यांत पाच-सात मिनिटांचा फरक असेल तर पेस, म्हणजे दर किलोमीटरचा वेग, छान सांभाळला म्हणायचं. वरच्या उदाहरणात तो तीस मिनिटांचा आहे.

आणि ऊन. पहाटे पाचला निघून सव्वापाच तास लागले, म्हणजे शेवटचे दोन तास तुम्ही उन्हात आणि मुंबईच्या दमट हवेत काढले. साडेतीन तासांत पोचणाऱ्याला ही शर्यत वेगळीच लागते. त्याच्या वेळेशी तुलना करताना हे विसरू नका.

शेवटी तयारीची वही उघडा. किती आठवडे ठरल्याप्रमाणे झाले? ३० किलोमीटरच्या आसपासचे लाँग रन किती झाले? दिवाळीत किती दिवस गेले, आजारपणात किती? सोळापैकी नऊच आठवडे झाले असतील, तर तुम्हाला नव्या ध्येयाची गरज नाही. जुनंच ध्येय अजून नीट आजमावलेलं नाही.

तिसरी पायरी: वेग कमी पडतो की दम?

चौथ्या-पाचव्या आठवड्यात पाय मोकळे झाले की एका गार सकाळी सपाट रस्त्यावर १० किलोमीटर जोर लावून धावा. किंवा मॅरेथॉनच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांतली १० किलोमीटरची खरी वेळ असेल तर ती घ्या. मिनिटांना ४.६ ने गुणा.

हा ४.६ कुठून आला? पीटर रीगेल नावाच्या अमेरिकन इंजिनीअरने १९७७ मध्ये एक साधं सूत्र मांडलं: अंतर जितक्या पटीने वाढतं, त्या पटीचा १.०६ वा घात घ्या आणि त्याने वेळेला गुणा. १० किलोमीटरवरून मॅरेथॉनला जाताना तो गुणक ४.६ येतो, हाफ मॅरेथॉनवरून जाताना साधारण २.०८५. भरपूर किलोमीटर धावणाऱ्याला हे सूत्र नीट लागू पडतं. आठवड्याला ३५-४० किलोमीटर धावणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात वर दहा-पंधरा मिनिटं धरावी लागतात, असा माझा अनुभव.

समजा तुमची १० किलोमीटरची वेळ ६० मिनिटं आहे. ६० गुणिले ४.६ म्हणजे २७६ मिनिटं, ४ तास ३६ मिनिटं. सवलत धरून पावणेपाच ते ४:५०. आणि तुम्ही धावलात ५:१२. म्हणजे वेग आहे, दम कमी आहे. तुमचं पुढचं वर्ष दम वाढवण्याचं.

आता दुसरी व्यक्ती. तिची वेळही ५:१२, पण १० किलोमीटरला तिला ७० मिनिटं लागतात. ७० गुणिले ४.६ म्हणजे ३२२ मिनिटं, ५ तास २२ मिनिटं. ती सूत्रापेक्षाही चांगली धावली! तिच्याकडे दम भरपूर आहे आणि तो तिने पुरेपूर वापरला. तिने पुढच्या जानेवारीसाठी पुन्हा नुसते लाँग रन केले तर पाच-सात मिनिटं सुटतील, फार नाही. तिला आधी वेग वाढवायला हवा, म्हणजे सहा महिने १० किलोमीटरवर काम.

मेडल एकच, वेळ एकच, आणि दोघांचे रस्ते उलट. म्हणून ग्रुपमधल्या दुसऱ्याचं ध्येय उचलून आपल्या वहीत लिहू नये.

चौथी पायरी: पर्याय पारखा

पुन्हा मॅरेथॉनच, पण नीट. ज्याची तयारी अर्धवट झाली किंवा इंधन-पेस चुकला, त्याच्यासाठी हाच योग्य पर्याय. किती वेळ मागायचा? ५:१२ वरून पाच तासांच्या आत, म्हणजे किलोमीटरला साधारण ७ मिनिटं ६ सेकंद, हे वर्षभरात आवाक्यातलं आहे. साडेचार तासांसाठी ६:२४ चा पेस लागतो. ६० मिनिटांत १० किलोमीटर धावणाऱ्यालाही तो एका वर्षात कठीणच. चार तासांसाठी ५:४१. तो आकडा गोल आहे म्हणून आवडतो, तुमच्या शरीराला गोल आकडे कळत नाहीत.

अंतर कमी करून वेग वाढवणं. पहिल्या मॅरेथॉननंतर माझ्या मते निम्म्याहून अधिक लोकांनी हेच करावं, आणि जवळपास कुणीच करत नाही. ४२ करून १० वर यायचं म्हणजे पायरी उतरल्यासारखं वाटतं. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांचं उदाहरण मी नेहमी देतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२ ते २०१४ सलग तीनदा त्या पहिल्या आल्या. त्यानंतर त्यांनी भर दिला तो ३,००० मीटर स्टीपलचेसवर, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीवर. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहाव्या आल्या. त्या कुठे आणि आपण कुठे, हे खरं. पण लहान अंतर म्हणजे कमी दर्जाचं धावणं, हा समज त्यांच्या वाटचालीकडे पाहिलं की गळून पडतो. आपल्याकडे हा पर्याय ऋतूलाही जुळतो: मार्च ते मे उन्हाळ्यात अडीच-तीन तासांचे लाँग रन करणं जिवावरचं, पण पहाटे साडेपाचला ४०० मीटरच्या सहा-आठ फेऱ्या सहज होतात.

चढ. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन सहसा सप्टेंबरमध्ये असते. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन परत फिरायचं. पेडर रोडला ज्यांचे पाय संपले त्यांच्यासाठी याहून चांगलं औषध नाही. मात्र तयारी करताना उताराची करा. चढताना दम लागतो, पण मांड्या फोडतो तो उतार. नोंदणी लवकर भरते, म्हणून तारखेवर लक्ष ठेवा.

आणखी लांब. लोणावळ्याची ५० किलोमीटरची अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब शर्यत) फेब्रुवारीत असते, म्हणजे मुंबईनंतर जेमतेम महिन्याभराने. पहिल्या मॅरेथॉननंतर त्याच हंगामात ती घेऊ नका, पुढच्या वर्षी जरूर घ्या. अल्ट्रा कुणी घ्यावी? ज्याला वेळेची फारशी पडलेली नाही, तासन्‌तास हळू धावायला आवडतं, आणि ३० नंतर ज्याचं पोट आणि डोकं शाबूत होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांच्यामधल्या कॉम्रेड्सचं स्वप्न महाराष्ट्रात अनेक जण बघतात. जवळपास ९० किलोमीटर, १२ तासांची मुदत, शिवाय पात्रतेसाठी आधी ठरावीक वेळेत मॅरेथॉन हवी. हे तीन-चार वर्षांचं ध्येय आहे, तसंच त्याकडे बघा. लडाख मॅरेथॉनही तशीच. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथे आठ-दहा दिवस आधी जाऊन हवेची सवय करावी लागते, म्हणजे रजाही मोजा.

बोस्टन. अमेरिकेतल्या या मॅरेथॉनला आधी ठरावीक वेळेत मॅरेथॉन धावून पात्र व्हावं लागतं. २०२६ साठीची पात्रता वेळ १८ ते ३४ वयाच्या पुरुषांना २:५५, स्त्रियांना ३:२५. ४५ ते ४९ वयात अनुक्रमे ३:१५ आणि ३:४५. वयाबरोबर मुदत वाढत जाते, म्हणून हे पन्नाशीतही जिवंत राहणारं ध्येय आहे. पाच तासांवरून निघालेल्याने ते मनात ठेवावं, पण या वर्षाच्या कागदावर लिहू नये.

आणि शर्यत नकोच, हेही पूर्ण उत्तर आहे. आमच्यातल्या एका काकूंनी एकच मॅरेथॉन केली. आता त्या आठवड्यातून चार दिवस सहा-सात किलोमीटर धावतात आणि रविवारी नव्या मुलींना पहिल्या पाच किलोमीटरपर्यंत सोबत करतात. त्यांच्यामुळे ग्रुपमध्ये किती बायका टिकल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

पाचवी पायरी: घर आणि कॅलेंडर

मॅरेथॉनची तयारी आठवड्याला पाच ते आठ तास मागते, पण खरा खर्च रविवारचा असतो. चार तासांचा लाँग रन, मग आंघोळ, मग जेवण, मग झोप: रविवार संपला. पहिल्या वेळी घरचे कौतुकाने सांभाळून घेतात. दुसऱ्या वेळी त्यांना विचारावं लागतं, आणि विचारायलाच हवं. स्वयंपाकघरात बसून कालनिर्णय समोर ठेवा आणि एकत्र खुणा करा: मुलांच्या परीक्षा, लग्नं, गावची जत्रा, ऑफिसचं वर्षअखेर.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून १८ आठवडे मागे मोजलं की सप्टेंबरचा मध्य येतो. म्हणजे तयारीची सुरुवात गणपतीच्या आसपास, मधले आठवडे नवरात्रात आणि दिवाळीत. नवरात्राचे उपवास करत असाल तर त्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी ठेवा, आधीच कमी लिहून ठेवलं की चुकल्याची टोचणी लागत नाही. जून ते ऑगस्ट पावसात हळू, नियमित धावणं आणि घरात पायांचा व्यायाम: एका पायावर बैठका, पायरीवर टाच वर-खाली करणं, आठवड्यातून दोनदा.

वर्षाला मुख्य ध्येय एकच ठेवा. त्याआधी सहा-आठ आठवडे एखादी हाफ, चाचणी म्हणून. बाकीच्या शर्यती मित्रांसोबत गमतीने धावा, नाहीतर सोडून द्या.

सहावी पायरी: ध्येय लिहा, नोंदणी शेवटी

एका कागदावर तीन ओळी लिहा. पहिली, सगळं जुळून आलं तर काय. दुसरी, साधारण दिवस असेल तर काय. तिसरी, ऊन किंवा पोट बिघडलं तरी कशात समाधान मानेन. वरच्या उदाहरणातला धावपटू लिहील: "४:५०. पाच तासांच्या आत. ३० नंतर न चालता शेवटपर्यंत."

खाली चौथी ओळ हवी, शर्यतीच्या दिवसावर अवलंबून नसलेली. "आठवड्यातून चार दिवस, १८ पैकी १५ आठवडे." किंवा "प्रत्येक लाँग रनला दर ४० मिनिटांनी काहीतरी खाईन." पहिल्या तीन ओळी हवेच्या हातात असतात, चौथी तुमच्या.

मग चार आठवडे त्या चौथ्या ओळीप्रमाणे वागून बघा. अजून पैसे भरू नका, ग्रुपवर जाहीर करू नका. चौथ्या आठवड्यात, आदल्या रात्री उशीर झालेला असताना, बूट घालावेसे वाटले का? पायात कुठे टोकदार दुखणं नाही ना? घरात कुणाच्या कपाळाला आठी नाही ना? तिन्ही ठीक असेल तर त्या रात्री फॉर्म भरा. एखादंही अडत असेल तर आकडा बदला किंवा शर्यत बदला, आणि पुन्हा चार आठवडे घ्या. मुंबईच्या फिनिश लाइनपासून इथवर यायला साधारण दहा आठवडे लागतात, म्हणजे मार्चचा शेवट उजाडतो. पुढच्या जानेवारीला अजून नऊ महिने आहेत.